एक स्टार

१९ मे २०२४, रविवार. साताऱ्याहून पुण्याला येताना एसटीत खिडकीशी बसून मी फोनवर एक रिव्ह्यू लिहिला. पाचपैकी एक स्टार. खाली मजकूर: ‘रात्रीची बोट राईड म्हणून पैसे घेतले आणि रात्रभर काठाला बांधून ठेवलं. तंबू समोर दिसत होते तरी नेलं नाही. बोटवाला उद्धट. चुकूनही जाऊ नका.’ खंबाटकी घाट उतरेपर्यंत त्याला सहा लाइक आले होते. सहाही माझ्याच ग्रुपमधले.

तो स्टार मी द्यायला नको होता. एवढंच म्हणायचं असतं तर लेखाची गरज नव्हती, रिव्ह्यू पुसता येतो. पण असा स्टार दर शनिवार-रविवारी कुणीतरी कुणाला तरी देत असतो. त्यातून काय होतं, ते मला सांगायचंय.

आधी त्या रात्रीबद्दल.

आम्ही अकरा जण. निम्मे सांगलीचे, निम्मे साताऱ्याचे, सगळे पुण्यात नोकरीला. इन्स्टाग्रामवर एक पॅकेज दिसलं. कोयनेच्या बॅकवॉटरमध्ये, म्हणजे शिवसागर जलाशयात, संध्याकाळी बोटीतून लांब फेरी, अंधार पडल्यावर पलीकडच्या काठावर तंबू, शेकोटी, जेवण, आणि सकाळी बोटीनेच परत. पॅकेज विकणारा पुण्यातला. बोट चालवणारा तिथलाच, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याला आम्ही काका म्हणत होतो.

दुपारपासून हवा कुंद होती. पश्चिमेला ढग साचत होते. आमच्यातल्या एकाने गाडीतच जाहीर केलं, ‘वेदर भारी आहे, आज रील होणार.’ कासच्या पठारावर फोटो काढत बसलो आणि धक्क्यावर पोचायला तासभर उशीर झाला. काका आभाळाकडे बघत उभे होते. जायचं का नाही, असं त्यांच्या मनात चाललं असावं. पण पॅकेजवाल्याचा फोन आला, ते हो हो म्हणाले, आणि आम्ही निघालो. निघताना एवढंच म्हणाले, ‘जॅकेटं घाला आन काढू नका.’ आम्ही घातली, फोटो काढले, मग काढून पाठीशी उशी म्हणून ठेवली.

अर्ध्या वाटेत वारं फिरलं. आधी पाण्यावर सुरकुत्या दिसल्या, मग बोटीच्या कडेवरून पाणी आत उडायला लागलं. काकांनी काही न बोलता बोट वळवली आणि एका बुडालेल्या ओढ्याच्या तोंडात, दोन टेकाडांच्या मधल्या आडोशाला घातली. काठाच्या चिखलात दोन पहारी ठोकल्या, दोन दोर बांधले, वर ताडपत्री ओढली आणि इंजिन बंद केलं.

समोर, पाण्यापलीकडे, आमच्या तंबूंचे दिवे दिसत होते.

‘काका, ते काय समोर दिसतंय. दहा मिनिटांचं काम आहे.’

‘दिसतंय म्हणून जवळ न्हाई, दादा.’

‘डबल पैसे घ्या.’

‘पैशाचं न्हाई. मधी वारं हाय. आन पाणी उतरलंय, झाडांची खुंटं वर आल्यात. अंधारात दिसत न्हाईत.’

‘मग आम्ही ऑनलाइन काय लिहायचं?’ हे मी विचारलं.

‘काय लिवायचं ते लिवा. उजाडल्याबिगर बोट सुटायची न्हाई. जॅकेटं घाला.’

आठच्या सुमाराला वळीव कोसळला. विजा इतक्या की समोरचा डोंगर दिवसासारखा दिसायचा आणि पुन्हा नाहीसा व्हायचा. ताडपत्रीखाली आम्ही एकमेकांना चिकटून बसलो. एका मैत्रिणीला उलट्या झाल्या. कुणाच्या तरी पिशवीत चकलीचं पाकीट होतं, तेच जेवण. काका मागच्या टोकाला बसून पत्र्याच्या डब्याने बोटीतलं पाणी उपसत होते. मधून मधून थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. मी कधी झोपलो आठवत नाही, पण जेव्हा जेव्हा जाग आली तेव्हा तो डब्याचा आवाज चालू होता.

सकाळी पलीकडे गेलो तर एकही तंबू उभा नव्हता. एक तर करवंदीच्या जाळीत अडकून फडफडत होता. हे बघूनही आमचा राग गेला नाही, हे कबूल करतो. आम्ही पैसे भरले होते आणि ठरलेली रात्र मिळाली नव्हती.

सातारकर मित्राने पॅकेजवाल्याला फोन करून निम्मे पैसे परत मागितले. तो लगेच तयार झाला. म्हणाला, ‘बोटवाल्याचे अजून दिलेले नाहीत, त्यातूनच तुमचे वळते करतो.’ आम्हाला हे न्याय्य वाटलं. मग मी एसटीत बसलो आणि रिव्ह्यू लिहिला.

मंगळवारी, २१ मेच्या संध्याकाळी, उजनी धरणात बोट उलटली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली. अचानक वादळी वारं सुटलं आणि भर पाण्यात बोट गेली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलं होती. त्या आठवड्यात आमच्यावर आलेला वळीव आणि त्यांच्यावर आलेलं वारं यांत फरक नव्हता. आमच्या बोटीने काठ धरला होता आणि त्यांची बोट मधोमध होती, एवढाच काय तो फरक.

ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा कळलं की शनिवारी रात्री मला नेमकं काय मिळालं होतं, आणि त्याचे पैसे मी कुणाच्या खिशातून परत घेतले होते.

आता मुद्द्यावर येतो. खराब हवेत बोट सोडायची की नाही, हा निर्णय आपल्याकडे सगळ्यात गरीब माणसावर टाकलेला आहे आणि तो निर्णय बरोबर घेतला तर दंडही त्यालाच होतो. ‘चला’ म्हटलं तर पैसे, टिप, पाच स्टार, पुढच्या आठवड्याचं बुकिंग. ‘नको’ म्हटलं तर फेरीचे पैसे बुडाले, पॅकेजवाला नाराज, आणि वर माझ्यासारख्याचा एक स्टार. शंभरातल्या नव्वद वेळा ‘चला’ म्हणूनही काही होत नाही, माणसं हसत उतरतात. मग ‘नको’ म्हणणारा भित्रा आणि आडमुठा ठरतो. उरलेल्या दहांतल्या एखाद्या वेळी काय होतं, ते पेपरात येतं आणि तिथेही नाव नावाड्याचंच येतं.

अपघातानंतर आपण ‘बोटचालकाचा निष्काळजीपणा’ हे शब्द इतक्या सवयीने वाचतो की त्याला बोट सोडायला लावणारे कोण होते, हा प्रश्नच पडत नाही. त्या रात्री काकांनी ऐकलं असतं आणि बोट उलटली असती, तर ‘डबल पैसे घ्या’ म्हणणारा मित्र आणि ‘ऑनलाइन काय लिहायचं’ म्हणणारा मी, आमचा उल्लेख ‘दुर्दैवी पर्यटक’ असा झाला असता.

पाणी शांत असताना बोट किती माणसं पेलते याला फारसा अर्थ नसतो. शिवसागर हा दोन डोंगररांगांच्या मधला लांबलचक, अरुंद, फाटे फुटलेला जलाशय आहे. वारं दरीतून नळीतून यावं तसं येतं आणि लांब पाण्यावर लाटेला वाढायला जागा मिळते. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, धरणाआधीच्या झाडांची खुंटं आणि जुने बांध पाण्याच्या जेमतेम खाली असतात. पावसाचं पाणी बोटीच्या तळात साचलं की बोट ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावतं आणि कल वाढवतं. काका रात्रभर डबा का चालवत होते, याचं उत्तर हे आहे. घाबरून माणसं उठून उभी राहिली की बोटीचं वजन वर चढतं. आणि जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. बसल्या जागी, कोरड्या अंगाने, बक्कल लावून घालायची ती वस्तू आहे. यातलं एकही कलम रीलमध्ये दिसत नाही.

दिसतो तो नजारा, आणि धोका नजाऱ्यातही असतो. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात पर्यटन विकास महामंडळाची ‘जलकन्यका’ ही बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. काठावरची जनावरं बघायला लोक एका बाजूला सरकले होते, असं तेव्हा सांगितलं गेलं. हातात कॅमेरे होते, आता फोन आहेत. ७ मे २०२३ रोजी, केरळातच, तानूरला अंधार पडल्यावर क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरून पर्यटकांची बोट निघाली आणि २२ जण बुडाले. ती वेळ बोट सोडायची नव्हती. पण सुट्टीचा रविवार, काठावर गर्दी, तिकिटाला तयार लोक. ‘नको’ म्हणायला कुणी नव्हतं.

‘बाहेरच्या देशांत बघा,’ असं म्हणणारे लगेच येतील. माझ्याच ऑफिसातले दोन सातारकर व्हिएतनामला जाऊन हालाँगच्या उपसागरात एक रात्र बोटीवर राहून आले. धुक्यातून वर आलेले चुनखडीचे डोंगर, गादी, गरम सूप, सगळं अप्रतिम. त्या सौंदर्याबद्दल वाद नाही. पण त्या उपसागराचा हिशेबही माहीत असावा. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे नांगर टाकून उभी असलेली मुक्कामाची बोट पहाटे पाणी शिरून बुडाली, बारा जण झोपेतच गेले. १९ जुलै २०२५ रोजी दिवसाच्या फेरीला निघालेली बोट अचानक आलेल्या वादळात उलटली. ४९ जणांपैकी पस्तीसहून अधिक मेले. म्हणजे तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. तरी एक गोष्ट तिथे आहे आणि आपल्या धरणांवर नाही. वादळाचा इशारा आला की बंदर प्रशासन बोटींना परवानगीच नाकारतं आणि मुक्कामाच्या बोटींना काठाला बोलावतं. पर्यटक चिडतात, पण चिडायला समोर सरकार असतं. एकटा नावाडी अकरा जणांच्या तोंडी नसतो.

आपल्याकडे कागद नाहीत असं मुळीच नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ सालीच बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. वासोट्याला जाणाऱ्यांना वनखातं किल्ल्यावर मुक्काम करू देत नाही, संध्याकाळच्या आत परतावं लागतं, आणि लोक कुरकुरत का होईना ते पाळतात. म्हणजे नियम लावला तर पाळला जातो. पण संध्याकाळी सहानंतर, वळवाच्या दिवसांत, एखाद्या आडबाजूच्या काठावरून पॅकेजची बोट सुटते तेव्हा तिला थांबवणं नेमकं कुणाचं काम? धरण जलसंपदा खात्याचं, काठचं जंगल वनखात्याचं, रस्ता आणि धक्का आणखी कुणाचा, कायदासुव्यवस्था पोलिसांची. इतके मालक असलेल्या पाण्यावर रात्री साडेसहाला निर्णय घेतो तो हाफपँटमधला एक माणूस.

आता आक्षेप. एक सातारकर मित्र मला म्हणाला, ‘तू पुण्यात बसून शहाणपण सांगतोस. त्या लोकांचं पोट पर्यटनावर आहे. बंदी आणलीस तर खातील काय?’

हा आक्षेप खरा आहे म्हणून त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. कोयना धरण साठच्या दशकात उभं राहिलं. १०५ टीएमसीच्या वर पाणी साठवतं, त्या पाण्यावर महाराष्ट्राला वीज मिळाली. त्यासाठी ज्यांची गावं आणि शेतं बुडाली त्यांतले कित्येक सांगली, सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगले, आणि त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं साठ वर्षं होऊनही मिटलेली नाहीत. जे काठावर वर सरकून राहिले, त्यांना मागे जंगल आणि पुढे पाणी. नंतर अभयारण्य आलं, व्याघ्र प्रकल्प आला. शेती नाही, कारखाना नाही. अशा ठिकाणी बोट हाच धंदा. मे महिना हातचा गेला की पावसाळ्यात सगळं बंद. त्यामुळे मेमधला शनिवार सोडणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं नव्हतं. आता थोडं कळतं.

म्हणूनच मी बंदी मागत नाहीये. ‘नको’ म्हटल्याचे पैसे मागतोय. हवा बिघडली म्हणून फेरी रद्द झाली तर पर्यटकाचे पैसे परत मिळावेत, आणि नावाड्याची त्या दिवसाची मजुरी पॅकेजवाल्याने द्यावी, कापू नये. दर तिकिटामागे चार-पाच रुपये वेगळे ठेवून बंद दिवसांचा निधी कुठल्याही बोट क्लबला उभा करता येईल. वादळाचा इशारा असेल त्या संध्याकाळी धक्क्यावर लाल बावटा लागावा आणि तो लावणारा माणूस बोटींच्या धंद्यातला नसावा. मग काका आम्हाला सांगू शकले असते, ‘माझ्या हातात न्हाई, बावटा लागलाय.’ भांडण तिथेच संपलं असतं. माझा एक स्टार बावट्याला गेला असता.

पण हे सगळं झालं आपल्यासारख्यांचं, ज्यांना पाणी म्हणजे नजारा आहे. आपण ‘नको’ म्हणू शकतो. पुढच्या शनिवारी येऊ शकतो. त्याच पाण्यावर अशीही माणसं आहेत ज्यांना पाणी म्हणजे रस्ता आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेतली. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली शाळेसाठी रोज स्वतः होडी वल्हवत कोयनेचं पाणी ओलांडतात आणि पुढे अस्वलं-वाघांच्या जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत जातात, अशी ती बातमी होती. मुलींना शिकवायचं म्हणता तर आधी त्यांना शाळेपर्यंत सुरक्षित जाऊ द्या, अशा आशयाचं न्यायालयाने सरकारला सुनावलं. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा तो फोटो ‘सलाम’ लिहून शेअर केला? मीही केला होता. होडीतल्या मुलींना सलाम ठोकणं फुकट असतं, त्यांच्यासाठी सरकारी लाँच मागणं कटकटीचं.

या खोऱ्यातल्या दरे गावचे एकनाथ शिंदे पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. २००० साली गावाकडे बोट उलटून त्यांची दोन लहान मुलं गेली. त्यांनी हे स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. कुणाच्या अशा दुःखाचा दाखला देताना संकोच वाटतो. तरी देतो, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. या पाण्याने कुणाला सोडलेलं नाही, आणि इथे बोट बुडते हे सातारा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उजनीची ती बोटही सहलीची नव्हती. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून लोक रोज तशाच बोटींतून जात होते.

आणि सांगली. माझं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचेचाळीस. आम्ही दुसऱ्या मजल्यावर दोन रात्री काढल्या, तिसऱ्या दिवशी लष्कराची रबरी बोट गल्लीत आली. जवानाने एकेकाला जॅकेट चढवून आत घेतलं, मोजलं, आणि वडील पाय टाकणार तेवढ्यात हात आडवा केला. ‘अगले चक्कर में.’ आई रडली, शेजारच्या काकू त्याला नाही नाही ते बोलल्या, मीही ओरडलो. एका माणसाने काय होतं? तो काही बोलला नाही. बोट सुटली. वडील दोन तासांनी आले, भिजलेले, पण सुखरूप.

त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं बाहेर काढणारी गावातली बोट उलटली. कृष्णा आणि येरळेच्या संगमाजवळचं हे गाव चारी बाजूंनी पाण्याने वेढलेलं होतं. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. डझनाहून अधिक गेली, त्यांत बहुतेक बाया आणि मुलं. तिथे ‘अगले चक्कर में’ म्हणायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी ते कुणी ऐकलं असतं? पुढची फेरी येणार याची खात्री असेल तरच माणूस या फेरीत चढायचं थांबतो. आमच्या गल्लीत जवान हात आडवा करू शकला, कारण त्याच्यामागे आणखी बोटी होत्या. ब्रह्मनाळमध्ये पाणी चढत होतं आणि पुढच्या बोटीचा भरवसा नव्हता. त्या बोटीत दाटीवाटीने चढलेल्यांना बेशिस्त म्हणायची माझी हिंमत नाही. पूर येणार हे ठाऊक असलेल्या गावात दुसरी बोट, पुरेशी जॅकेटं आणि शिकवलेली चार पोरं ठेवणं हे काम त्यांचं नव्हतं.

सांगलीला बोट चालवणारे हात नाहीत असंही कुणी म्हणू नये. कृष्णेत होड्यांच्या शर्यती भरतात, काठावर हजारोंनी लोक जमतात, वल्ही मारणाऱ्या पोरांचे दंड बघत राहावेत असे असतात. पुरात याच काठावरच्या लोकांनी गुळाच्या काहिलीतूनसुद्धा माणसं काढलेली आहेत. नदी ओळखणारी ही पोरं जून उजाडायच्या आत गावोगाव नेमून, त्यांना मानधन, जॅकेटं आणि चांगल्या बोटी देऊन ठेवायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? शर्यतीला बक्षीस लावणारे पुढारी आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतल्या एखाद्याने फ्लेक्सचा खर्च या बोटींकडे वळवावा.

म्हणजे मागण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. ज्याला पाणी हा रस्ता आहे त्याला सरकारने अशी बोट द्यावी की खराब हवेत त्याला जिवावर उदार व्हावं लागू नये. बामणोली-तापोळ्याच्या पलीकडच्या गावांतून रात्री बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस आणायची वेळ येते, तेव्हा दिवे असलेली, दणकट, शिकलेल्या माणसाने चालवलेली लाँच तयार असली पाहिजे. तापोळा आणि आहीरला जोडणारा पूल हाती घेतलाय, तो जरूर व्हावा. पण प्रत्येक वाडीला पूल येणार नाही. आणि ज्याला पाणी हा नजारा आहे त्याने, म्हणजे तुम्ही आणि मी, खराब हवेत बोट मागू नये. चांगली बोट आणि पाणी ओळखणारा माणूस यांची खरी गरज पलीकडच्या काठावर असते. आपल्या रीलसाठी ती दोन्ही धोक्यात घालायचा हक्क आपल्याला पैसे भरल्याने मिळत नाही.

‘मग थरार नकोच का आयुष्यात?’ असं एका मैत्रिणीने विचारलं. हवा की. सह्याद्रीत पावसाळ्यात जिवाची पर्वा न करता चढणारे मित्र मला आहेत. पण ते स्वतःच्या पायांनी चढतात. बोटीतला थरार दुसऱ्याच्या हातांवर असतो. तो माणूस नकार देऊ शकत नसेल, तर आपण थरार अनुभवत नाही, त्याला जुगार खेळायला लावतो.

चार दिवसांनी मी तो रिव्ह्यू पुसला. पाच स्टार दिले आणि काय घडलं ते लिहिलं. त्याला एकही लाइक आला नाही. कापलेले पैसे आम्ही अकरा जणांनी काढून सातारकर मित्राकडे दिले. पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः बामणोलीला गेलो, चौकशी करत काकांना गाठलं आणि त्या रात्रीची आठवण करून दिली. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

‘कोणची पार्टी म्हणायची?’

मी सांगितलं. मे महिना, वळीव, अकरा जण, भांडण.

‘आवं, मे मंदी दर शनवारी कोनतरी भांडतंयच की,’ ते म्हणाले आणि बोटीतलं जॅकेट माझ्याकडे फेकलं. ‘घाला. बक्कल लावा.’

दर शनिवारी. म्हणजे आमच्यानंतरच्या शनिवारी, त्याच्या पुढच्याही, आपल्याच वयाची, आपल्यासारखीच शिकलेली मुलं त्या माणसाशी तेच बोलत असणार. या मेमध्ये त्यांत तुम्ही असाल, तर पैसे भरायच्या आधी पॅकेजवाल्याला दोन प्रश्न विचारा. हवा बिघडली तर आमचे पैसे परत मिळणार का? आणि मिळाले तर ते बोटवाल्याचे कापून देणार का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत बुकिंग करू नका.